खांबावरची चिमणी: जुने इन्सुलेटर जमवायचे तर आधी पत्ता लिहा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा गावाकडे जाताना ज्यांची रेंज मध्येच गायब होते, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं नीट केलीत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

विषय ऐकून काही जण हसतील. विजेच्या खांबावर चिनी मातीची ती लट्टूसारखी वस्तू असते ना, तार जिच्यावर बांधलेली असते ती? तिला इन्सुलेटर म्हणतात. आपल्याकडे बरेच जण तिला ‘चिमणी’ म्हणतात. तर या जुन्या चिमण्या जमवणं हा जगात चांगला रुळलेला छंद आहे. रंगीत काचेचे इन्सुलेटर खिडकीत ओळीने मांडलेत आणि मागून ऊन येतंय, असे व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी बघितले असतील. मग प्रश्न पडतो, आपल्या नांदेड-लातूरकडे हे करता येईल का?

येईल. पण आपल्याकडे या छंदाचं गणित वेगळं आहे. इथे खरा मोल वस्तूला कमी आणि तिच्या पत्त्याला जास्त आहे. ही चिमणी कुठल्या मार्गावरची, कुठल्या गावाजवळची, कुणाकडून आली, हे लिहिलेलं असेल तर तो इतिहासाचा तुकडा. नसेल तर चिनी मातीची फुटकी वाटी. आजचा सगळा भाग या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी हे समजून घेऊ: चिमणी करते काय?

तारेतून वीज वाहते. खांब लोखंडी किंवा सिमेंटचा, आणि तो जमिनीत रोवलेला. तार थेट खांबाला बांधली तर वीज सरळ जमिनीत उतरेल. म्हणून मध्ये असं काहीतरी हवं, जे तारेचं वजन पेलेल पण वीज पुढे जाऊ देणार नाही. काच आणि चिनी माती, दोन्ही हे काम उत्तम करतात. इन्सुलेटरची चिनी माती म्हणजे केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचं मिश्रण. ते बाराशे-तेराशे अंशांच्या आसपास भाजतात आणि वरून काचेसारखी झिलई देतात, म्हणजे पाणी आत मुरत नाही.

आता आकार बघा. खालून घागऱ्यासारखा घेर, काहींना दोन घेर, काहींना तीन. ही नक्षी नाही हं. पावसात इन्सुलेटर भिजला की पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि वीज त्या ओल्या वाटेने खाली सरकू शकते. घेरामुळे दोन गोष्टी होतात: घेराच्या आतली बाजू बऱ्यापैकी कोरडी राहते, आणि विजेला पृष्ठभागावरून जायची वाट लांब होते. घेर वाढवला की वाट वाढली. छत्रीखाली छत्री, एवढाच हिशोब.

आणि आपल्याकडचा नेहमीचा अनुभव: मृगाचे चार थेंब पडले की लाइट जाते. लोक महावितरणला नावं ठेवतात. त्यातलं एक कारण या चिमणीत आहे. मे महिन्यात नांदेडला पारा ४२-४३ अंशांवर, इन्सुलेटर दिवसभर तापलेला, त्यावर अचानक गार पाणी. गरम काचेच्या ग्लासात थंड पाणी ओतल्यावर जे होतं तेच इथे होऊ शकतं: तडा जातो. तड्यातून वीज खांबात उतरते आणि उपकेंद्रातली यंत्रणा लाइन बंद करते. मग वायरमन काकांना पावसात अंधारात फिरून कुठल्या खांबावरची चिमणी गेली ते शोधत बसावं लागतं.

परदेशात हा छंद कसा चालतो

अमेरिकेत हा छंद वाढला तो १९६० च्या दशकापासून. तिकडे तारयंत्राच्या आणि टेलिफोनच्या जुन्या लाइन काढल्या जात होत्या, आणि त्यावर लाखोंनी काचेचे इन्सुलेटर होते. निळसर, हिरवे, पिवळसर, जांभळे. लोकांनी ते उचलून ठेवायला सुरुवात केली. १९७३ मध्ये नॅशनल इन्सुलेटर असोसिएशन ही संस्था उभी राहिली. वुडवर्ड नावाच्या संग्राहकाने काचेच्या प्रत्येक आकाराला क्रमांक दिला, त्याला सीडी क्रमांक म्हणतात. पोर्सिलेनच्या इन्सुलेटरसाठी जॅक टॉड यांची वेगळी क्रमांकपद्धत आहे. म्हणजे नाणी जमवणाऱ्यांकडे जसा कॅटलॉग असतो, तसंच.

यात नवख्यांसाठी एक धडा आहे. तिकडचा सगळ्यात ओळखीचा नमुना म्हणजे हेमिंग्रे कंपनीचा ‘४२’ क्रमांकाचा, सीडी १५४. दिसायला देखणा, पण इतका बनला की किरकोळ किमतीत मिळतो. जुनं म्हणजे महाग, असं नसतं. दुसरं म्हणजे रंग. जुन्या काचेत मँगनीज असेल तर ती अनेक वर्षांच्या उन्हाने हळूहळू जांभळट होते. काही चलाख मंडळी साध्या काचेवर किरणांचा मारा करून असा रंग मुद्दाम आणतात आणि दुर्मीळ म्हणून विकतात. त्यामुळे ऑनलाइन गडद जांभळा इन्सुलेटर दिसला की लगेच पैसे पाठवायचे नाहीत.

पण तो कॅटलॉग घेऊन तुम्ही नांदेडला फिरलात तर फारसा उपयोग नाही. आपल्याकडे काच कमी, चिनी माती जास्त. ब्रिटिश पद्धतीत पांढऱ्या पोर्सिलेनचा वापर मोठा होता आणि तीच पद्धत इथे आली. मराठवाड्यातल्या नमुन्यांचं तयार पुस्तक शोधत बसू नका. ते तुम्हालाच लिहायचंय, आणि या छंदातली खरी मजा तिथेच आहे.

मराठवाड्यात तारा आल्या कुठून?

आपल्या भागाचा तारांचा इतिहास रेल्वेशी बांधलेला आहे, म्हणून थोडं रेल्वेबद्दल.

नांदेडची लाइन मूळची हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची. निजामाच्या राज्यात, १९०० च्या आसपास हैदराबादपासून मनमाडपर्यंत मीटरगेज टाकली गेली. नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद ही सगळी स्टेशनं त्याच मार्गावरची. लातूरची गोष्ट वेगळी. तिथे आली बार्शी लाइट रेल्वे, फक्त अडीच फुटांची नॅरोगेज. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू केली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोचली. पुढे दुसऱ्या टोकाला १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली.

आता तारेचा संबंध बघा. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून पुढच्या स्टेशनाने ‘लाइन मोकळी आहे’ असं कळवल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. हे कळवायचं कशावरून? तारेवरून. म्हणून रुळांच्या कडेने खांबांची रांग, खांबावर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर पांढऱ्या चिमण्या. खिडकीत बसून या तारा वर-खाली होताना बघणं हा तुमच्या आईबाबांच्या लहानपणीच्या रेल्वेप्रवासातला हमखास कार्यक्रम होता. विचारून बघा.

पोस्टाच्या तारेचंही तसंच. घरी ‘तार आली’ म्हटलं की आधी पोटात गोळा यायचा, कारण तार बहुतेक वाईट बातमीची असायची. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात तर तारा तोडणं हा लढ्याचाच एक भाग होता, कारण तार तुटली की सरकारचा निरोप थांबला. म्हणजे या चिमण्यांनी बरंच काही बघितलंय.

मग हे सगळं गेलं कसं? टप्प्याटप्प्याने. मनमाड-नांदेडचा मुख्य मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. पूर्णा-अकोला त्यानंतरही बरीच वर्षं मीटरगेज राहिला. लातूर-कुर्डुवाडीची नॅरोगेज २००८ पर्यंत ब्रॉडगेजमध्ये बदलली. लातूरला स्टेशनच गावाबाहेर गेलं. शहरात ‘जुनी रेल्वे लाइन’ हा पत्ता मात्र लोक अजून सांगतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली ती याच बदललेल्या मार्गाने. रेल्वेचा निरोप उघड्या तारांवरून जमिनीखालच्या केबलमध्ये आणि ऑप्टिकल फायबरमध्ये गेला. विद्युतीकरण होतं तिथे तर उघडी तार ठेवणंच अडचणीचं, कारण वरच्या २५ हजार व्होल्टच्या लाइनमुळे शेजारच्या तारेतही वीज निर्माण होते. आणि पोस्टाची तार, म्हणजे टेलिग्राम सेवा, १५ जुलै २०१३ पासून बंद झाली.

चिमण्या गेल्या कुठे?

उत्तर आहे भंगारात. पण भंगारातही त्या टिकल्या नाहीत, याचं कारण समजून घ्या. भंगारात तांब्याला भाव आहे, लोखंडाला भाव आहे. चिनी मातीला काय भाव? शून्य. चिमणीच्या आत लोखंडी पिन असते. ती काढायची सोपी रीत म्हणजे हातोडा मारायचा, चिनी माती फोडायची, लोखंड वजनावर टाकायचं आणि खापऱ्या फेकून द्यायच्या. जुनं पितळी भांडं कुणीतरी वितळवण्याआधी दहा वेळा विचार करतं, चिमणीबद्दल कुणी एकदाही करत नाही.

आणि आता विजेच्या खांबावरही बदल सुरू आहे. विटकरी चिनी मातीच्या जागी राखाडी रंगाचे पॉलिमर इन्सुलेटर येताहेत. ते हलके असतात, पटकन फुटत नाहीत, पावसात तडकत नाहीत. आपल्या लाइटसाठी ही चांगलीच गोष्ट आहे. पण याचा अर्थ असा की, आज जी चिमणी कुठेही दिसते तीसुद्धा वीस-पंचवीस वर्षांनी शोधावी लागेल.

थांबा! या गोष्टींना हात लावायचा नाही

हा भाग वाचताना स्क्रोल करू नका.

पहिलं, खांबावर चढायचं नाही. लाइन ‘बंद’ दिसते म्हणून नाही, तार तुटून लोंबतेय म्हणून नाही, डीपी उतरवलीय म्हणून तर मुळीच नाही. ११ हजार व्होल्टची लाइन कोणत्या क्षणी सुरू होईल हे खाली उभ्या माणसाला कळत नाही. वायरमनसुद्धा परमिट घेऊन आणि लाइनला अर्थिंग करूनच चढतो. दगड मारून चिमणी पाडणं हा तर गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही.

दुसरं, कायदा. विजेच्या लाइनचं साहित्य चोरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १३६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वेचं तर आणखी कडक आहे. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्यात चोरीची किंवा बेकायदा मिळवलेली वाटणारी रेल्वेची वस्तू तुमच्या ताब्यात सापडणं एवढंही पुरेसं आहे. ती कायदेशीर मार्गाने आली हे तुम्हाला दाखवावं लागतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘रुळाकडेला पडलेलं होतं, उचललं’ हे उत्तर तिथे चालत नाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी तर हे दोनदा वाचावं. एका चिमणीपायी पोलीस पडताळणीत नाव अडकायला नको.

तिसरं, परदेशात विकणं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, आणि अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ‘अमेरिकेतला गिऱ्हाईक डॉलर देतोय’ म्हणून कुरिअर करायला निघू नका.

मग सुरुवात कुठून?

घरापासून. खरंच. जुन्या वाड्यात किंवा पन्नास-साठ वर्षांच्या घरात वायरिंग बघितलंय? भिंतीवर चिनी मातीचे छोटे दुभागी तुकडे, त्यांच्यामध्ये दोन तारा धरलेल्या. त्यांना क्लीट म्हणतात. ते इन्सुलेटरच! शिवाय चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, चिनी मातीच्या बैठकीवरचे गोल जुने स्विच. वाडा पाडायचा ठरतो तेव्हा हे सगळं मलब्यात जातं. मालकाला विचारा, इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून वीज बंद करून घ्या आणि त्यालाच उतरवायला सांगा. फुकट, कायदेशीर, आणि पत्ता शंभर टक्के माहीत. नवख्याचा पहिला संग्रह यापेक्षा चांगला कुठला?

दुसरी जागा भंगारवाला. जो रीतसर लिलावातला माल घेतो, त्याच्याकडे जा. फोडण्याआधी अख्खी चिमणी बाजूला ठेव, पिनेच्या लोखंडाचे पैसे देतो, असं सांगा. आणि पावती घ्या. साध्या कागदावर असली तरी चालेल, पण त्यात तारीख, दुकान आणि वस्तू हवी. पावती द्यायला तो का-कू करत असेल तर माल सोडून द्या.

तिसरी रीत सगळ्यात स्वस्त: फोटो. वस्तू न घेता खालून, रस्त्यावर सुरक्षित अंतरावर उभं राहून फोनने झूम करून फोटो काढा. रेल्वेच्या हद्दीत शिरून नाही. फोटोंचा संग्रह हाही संग्रहच आहे, आणि त्याला कपाट लागत नाही.

ओळखायचं कसं?

थोडक्यात सांगतो.

पिन इन्सुलेटर: उभा, लट्टूसारखा, खाली लोखंडी पिन. तारयंत्राचे बहुतेक पांढरे आणि छोटे, विजेचे विटकरी आणि मोठे.

शॅकल: आडवा किंवा उभा बसणारा, मध्ये खाच असलेला, ढोबळमानाने रिळासारखा. गल्लीतल्या घरगुती लाइनवर हाच दिसतो.

ताणाचा इन्सुलेटर: अंड्यासारखा, दोन आडवी-उभी भोकं. खांबाला जमिनीकडे ओढून धरणाऱ्या ताणाच्या तारेत असतो.

डिस्क: थाळीसारखी, एकाखाली एक जोडलेली. इथे एक खेळ सांगतो. एसटीतून जाताना मोठ्या टॉवरवरच्या थाळ्या मोजा. साधारण ९-१० असतील तर १३२ हजार व्होल्ट, १३-१४ असतील तर २२० हजार, आणि २३ च्या आसपास असतील तर ४०० हजार. अंबाजोगाईजवळ गिरवलीला ४०० हजारांचं उपकेंद्र आहे. त्या बाजूला गेलात तर मोजून बघा.

त्यानंतर शिक्का शोधा. तो डोक्यावर, कडेला किंवा घेराखाली असतो, बऱ्याचदा झिलईखाली दबलेला. तिरका टॉर्च मारला की अक्षरं उठून दिसतात. ‘बुलर्स’ दिसलं तर इंग्लंडची जुनी कंपनी. बंगाल पॉटरीज, जयश्री, डब्ल्यूएस, बीएचईएल ही भारतातली नावं. कधी सालही असतं.

तडा ओळखायला माठ घेतानाची युक्ती. लाकडी पेन्सिलने हलकी टिचकी मारा. आवाज खणखणीत आला तर अख्खी, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. धुवायला कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश पुरे. ॲसिड नको: ते पिनेचं लोखंड आणि आतलं सिमेंट दोन्ही खातं. आणि धुण्याआधी फोटो काढा, कारण वरची माती, शेंदूर, जुना रंग हेही पुरावेच असतात.

नोंद कशी ठेवायची

वही करा किंवा फोनमध्ये शीट करा, पण प्रत्येक वस्तूला एक क्रमांक आणि ही माहिती हवीच: कुठून मिळाली (गाव, रस्ता, जवळचं स्टेशन), कधी मिळाली, कुणाकडून, आधी कुठल्या लाइनवर होती आणि हे कुणी सांगितलं, शिक्का जसाच्या तसा, उंची आणि घेराची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि चार बाजूंचे व तळाचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून. तोच क्रमांक पेन्सिलने कागदावर लिहून घेराच्या आत ठेवा. माहिती ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असं स्पष्ट लिहा. अंदाज आणि खात्री एकाच रकान्यात टाकली की पुढच्या माणसाची फसगत होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम फोनच्या रेकॉर्डरचं आहे. मीटरगेजच्या काळात ज्यांनी काम केलं ते तारबाबू, गँगमन, स्टेशनमास्तर, जुने लाइनमन आज साठी-सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या गल्लीत, नात्यात कुणीतरी असेलच. त्यांच्याजवळ जाऊन बसा. ‘काका, तारेचे खांब कुठून कुठपर्यंत होते? पावसात तार तुटली की काय करायचात? चिमणी बदलायला किती जण लागायचे?’ असं विचारा. आधी परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, आणि नंतर त्यांना ऐकवा. ती ऑडिओ फाइल आणि ती चिमणी एकाच क्रमांकाखाली ठेवा.

चिमणी शंभर वर्षं टिकते. चिनी माती कुजत नाही, गंजत नाही. तिच्याबद्दल सांगू शकणारी माणसं मात्र तेवढी थांबणार नाहीत. एखादी वस्तू पुढच्या वर्षीही मिळेल. आठवण मिळेलच असं नाही. म्हणून या आठवड्याचं काम एवढंच: काहीही विकत घेऊ नका. घरातल्या किंवा ओळखीतल्या एका ज्येष्ठाकडून तारेची एक गोष्ट रेकॉर्ड करा, आणि तारीख व गाव टाकून जपून ठेवा. तुमच्या संग्रहातला क्रमांक एक तोच.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत वर बघत चला, पण रस्ता ओलांडताना नको!